गाल बोलू द्यावेत

पावडरताईंना पावडरताई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं तो खट्याळ असला पाहिजे. कारण त्या कचेरीत सगळ्यांत कमी पावडर कुणी वापरत असेल तर याच बाई. टीव्हीवरच्या बातम्या जिथून निघतात अशी ती कचेरी, दुमजली, खालच्या मजल्यावर स्टुडिओ आणि स्टुडिओच्या पाठीला चिकटलेली मेकअपची खोली. सकाळच्या पाळीची मेकअपवाली पावडरीच्या डब्यांवर डबे संपवायची आणि संध्याकाळच्या पाळीच्या आमच्या ताईंचा डबा काही केल्या तळ दाखवायचा नाही. सामान देणाऱ्या स्टोअरवाल्याला हे कोडं सुटत नसे. एकदा त्याने विचारलंच, "ताई, तुम्ही पावडर लावता की नुसती दाखवता?"

"दाखवते," ताई म्हणाल्या. "काही नाकं दाखवल्यावरच वठणीवर येतात."

मेकअपची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. खिडकी नाही. आरशाच्या तिन्ही बाजूंनी दिवे, त्यातला एखादा कायम रुसलेला. समोर न्हाव्याकडे असते तशी वरखाली होणारी खुर्ची, पण ती आपल्या मर्जीने खाली जाई. मोठमोठे पाहुणे चर्चेला यायचे, ताठ बसायचे, आणि ताईंचा हात त्यांच्या कपाळावर असतानाच हळूहळू खाली खचायचे. ताई चेहऱ्यावरची रेष हलू न देता त्यांच्याबरोबर वाकत जायच्या आणि पायाने दांडी दाबून त्यांना पुन्हा वर आणायच्या. पाहुण्यांचा निम्मा रुबाब तिथेच उतरायचा. त्याचा मेकअपला फायदाच व्हायचा, असं ताईंचं मत होतं.

त्यांच्या लेखी चेहऱ्याच्या काही जागा बोलायच्या आणि काही गप्प असायच्या. कपाळाचा मध्यभाग, नाकाच्या दोन्ही बाजू, खालच्या ओठाखालची हनुवटी, या बडबड्या जागा. दिवे लागले की या जागा चमकायला लागतात आणि मग बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, नुसतं नाक दिसतं. तेवढ्या जागांवर पावडर लावायची. तीसुद्धा पफ आधी स्वतःच्या मनगटाच्या पाठीवर टेकवून, जास्तीची तिथेच सोडून, मग चेहऱ्यावर दाबायची. घासायची नाही. डोळ्यांखाली तर बोट न्यायचं नाही, कारण पावडर तिथल्या बारीक रेघांत जाऊन बसते आणि माणसाच्या वयात फुकटची भर घालते. आणि गाल? "गाल बोलू द्यावेत," ताई म्हणत. "गालांवरचा उजेड गेला की जिवंत माणूस फोटोतला दिसायला लागतो."

"ताई, जरा उजळ करा की," असं म्हणणारे कमी नव्हते. त्यांना त्या सांगत, "उजळ करायचं खातं दिव्यांकडे आहे. माझ्याकडे फक्त शांतता राखायचं खातं."

या खोलीत रोज संध्याकाळी येणाऱ्या म्हणजे मॅडम. संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या. कचेरीत मॅडम पुष्कळ होत्या, पण नुसतं 'मॅडम' म्हटलं की याच. वयाने ताईंपेक्षा थोड्या लहान, आवाज खर्जातला, आणि बातमी कितीही वाईट असली तरी ऐकणाऱ्याला धीर वाटावा असं वाचणं. दोघींनी एकाच सुमाराला कचेरीत पाऊल टाकलं होतं आणि दोघींची सुट्टीही एकाच दिवशी असे, कारण मॅडमचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ताई तयार नसत आणि मॅडमही नसत. मॅडम यायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि मथळे पुटपुटत राहायच्या. चष्म्याशिवाय त्यांना आरशात एक पुसट बाई तेवढी दिसे. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर सरकणारी अक्षरं मोठी असतात, ती दिसायची. म्हणून मेकअप झाला की त्या आरशात न बघताच "झालं का?" एवढंच विचारायच्या आणि उठायच्या. ताई "झालं" म्हणाल्या म्हणजे झालं.

ताईंचा स्वतःचा जवळचा चष्मा होता. वयाप्रमाणे लागलेला. तो त्या कधी डोक्यावर, कधी गळ्यात, कधी घरीच विसरत. मग एके दिवशी घरी औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं त्यांनी चष्म्याशिवाय घडाघडा वाचली. आधी त्यांना वाटलं आपल्याला पाठच आहेत. म्हणून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून पाहिल्या. त्याही आल्या. सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्या फटक्यात गेला.

आनंद पोटात राहीना. कचेरीत येताच त्यांनी जाहीर केलं, "चष्मा सुटला माझा!" आणि त्याचं श्रेय रोज सकाळी डोळ्यांवर मारलेल्या गार पाण्याच्या हबक्यांना देऊन टाकलं. त्यांचं ऐकून अर्धी कचेरी सकाळी उठून डोळ्यांवर पाणी मारायला लागली. कॅमेरावाल्याला त्यात सर्दी झाली. ताईंचा नवरा एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन होता आणि दिवसभर अनोळखी लोकांबरोबर गप्प उभं राहायला लागत असल्यामुळे घरी आला की त्याच्या जिभेला सुट्टी नसे. तो म्हणाला, "म्हणजे वयात तू खाली उतरत चाललीस आणि मी एकटाच वरच्या मजल्यावर? थांब की माझ्यासाठी."

नेमक्या त्याच दिवसांत चेहरे जास्त बोलायला लागले.

म्हणजे ताईंना तसं वाटायला लागलं. आरशाभोवतीचे दिवे डोळ्यांवर यायला लागले, प्रत्येक दिव्याभोवती एकेक कडं दिसायला लागलं. पूर्वी कपाळ चमकायचं, आता गालही चमकायला लागले. नुकतेच स्टुडिओतले आणि या खोलीतलेही दिवे बदलले होते, तेव्हा दोष दिव्यांचा हे ताईंनी ठरवून टाकलं. आणि मॅडमचं वयही होत आलं होतं, वयात कातडीचे नखरे वाढतातच. मग ताईंनी गालांवरही पावडर दाबायला सुरुवात केली. आधी नुसता पफ टेकवल्यासारखं, नंतर चांगली हात भरून. तरी चमक हटेना. स्टोअरवाला मात्र खूश होता. "आता कसं," तो नवा डबा देताना म्हणाला, "आता शोभता पावडरताई." ताईंना ते लागलं.

बाकीच्यांना दिसत नव्हतं असं नाही. कॅमेरावाल्याला मॅडमचा चेहरा रोज पडद्यावर मोठ्ठा दिसायचा. तो पिठात घोळल्यासारखा दिसतो हे त्याला कळत होतं. पण त्याला वाटलं, मॅडमनीच सांगितलं असणार, सुरकुत्या झाका म्हणून. बायकांच्या वयाच्या भानगडीत कशाला पडा? संपादकसाहेबांनाही तसंच वाटलं. ताईंनी इतकी वर्षं कुणाचा चेहरा बिघडवला नव्हता, तेव्हा त्यांच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही. सगळे मूग गिळून बसले. इतकी सभ्य माणसं एका ठिकाणी जमली की असंच व्हायचं.

शेवटी मॅडमनीच विषय काढला. घरी बातम्यांचं रेकॉर्डिंग बघताना त्यांना धक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढायच्या आधी म्हणाल्या, "ताई, मी भिंतीसारखी दिसते हो हल्ली. चुना मारलेल्या."

आणि ताईंनी, अगदी मायेने, मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मॅडम, वय झालं की कातडी बदलते. माझी नाही का बदलली? तुम्ही काळजी करू नका, मी घेते सांभाळून."

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. त्या दिवशी मथळे काही पुटपुटल्या नाहीत.

त्यानंतर बघणाऱ्यांचे फोन यायला लागले. मॅडमना बरं नाही का? त्यांना विश्रांती का देत नाही? टेलिफोनवरची मुलगी बिचारी चांगल्या मनाने सगळे निरोप मॅडमना पोचवायची. मॅडम हसून "कळवा, ठणठणीत आहे म्हणून" म्हणायच्या. पण त्यांचं वाचणंही बदललं. पूर्वी त्या कॅमेऱ्याकडे बघून बोलायच्या, आता समोरच्या कागदाकडे जास्त बघायला लागल्या. आपला चेहरा लोकांपुढे धरायची त्यांना लाज वाटायला लागली होती. हे ताईंना दिसत होतं आणि वाईट वाटत होतं. म्हणून त्या आणखी डोळ्यांत तेल घालून पावडर लावत होत्या.

सुट्टीच्या आदल्या दिवशी बातम्या संपल्यावर मॅडम पुन्हा मेकअपच्या खोलीत आल्या. तोंड पुसायला म्हणून. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला आधी सांगते. परवा आल्या आल्या साहेबांना भेटणार आहे. संध्याकाळच्या बातम्या सोडते. आवाजाचं काही काम असलं तर करीन, पडद्यामागून."

"असं काय करता मॅडम?"

"आरशाला फसवता येतं हो, कॅमेऱ्याला नाही. तुम्ही एवढं सांभाळून घेता तरी हे असं. आता किती सांभाळाल?" मॅडमनी टिश्यूने कपाळ पुसलं. "लोकांनी जा म्हणायच्या आत जावं."

मॅडम गेल्यावर ताई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. खुर्ची नेहमीप्रमाणे आपली हळूहळू खाली चालली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. ताईंचं कशात लक्ष नव्हतं. असं झालं की त्या शिवणटिपणाला बसतात. नवऱ्याच्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाची बटणं धुलाईत फुटली होती, ती बदलायची राहिली होती. भर दुपारी गॅलरीत उजेडात बसून त्यांनी डब्यातून बटणं निवडली, चष्म्याशिवाय दोरा ओवला, सवयीने नवऱ्याला सुई दाखवली आणि एकेक बटण घट्ट लावून शर्ट त्याच्या हातात दिला.

नवऱ्याने शर्ट घातला, बटणं लावली, आरशात पाहिलं आणि बाहेर आला. "अगं, लिफ्टमन आहे मी. बँडवाला कधी झालो?"

"का? काय झालं?"

"ही पिवळीधमक बटणं!"

"पिवळी कुठली? पांढरी आहेत. निवडून घेतलीयत मी."

"बरं बाई, पांढरी." नवरा म्हणाला. "आणि मी सहा फूट उंच आहे."

नवऱ्याच्या थट्टेचा ताईंना इतका सराव होता की त्यांनी लक्षच दिलं नाही. पण तो शर्ट काढायला लागला, आणि थट्टेसाठी एवढे कष्ट घेणारा त्यांचा नवरा नव्हता. त्यांनी शर्ट हातात घेतला. बटण पांढरं, कापड पांढरं. दोन्ही सारखंच. तेवढ्यात दोऱ्याची एक कुसळी उजव्या डोळ्यात गेली. त्यांनी तो डोळा मिटून चोळला आणि डाव्या डोळ्याने सहज खाली पाहिलं. बटण पिवळं होतं.

त्यांनी उजवा डोळा उघडून डावा झाकला. सगळा शर्टच सायीसारखा झाला, आणि त्यात बटण कुठे आहे ते हाताने चाचपावं लागलं. पुन्हा उजवा झाकला. पिवळं. अंड्याच्या बलकासारखं.

"काय गं, डोळे काय मारतेस?" नवऱ्याने विचारलं.

ताई उत्तर न देता आत गेल्या. कामाची पिशवी आणली, तिच्यातले पावडरीचे दोन डबे काढून गॅलरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी उघडे ठेवले. एक मॅडमच्या रंगाची, गव्हाळ. दुसरी अगदी गोऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलेली, पांढुरकी, वर्षातून क्वचित लागणारी. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी. उजवा डोळा झाकल्यावर एक मैदा आणि एक कणीक इतकं वेगळं दिसलं. आणि गव्हाळ डबा जवळजवळ भरलेला होता. पांढुरक्याचा तळ दिसत होता.

खरं तर माणसाला आधी स्वतःच्या डोळ्याची भीती वाटायला हवी. ताईंना तसं झालं नाही. त्यांना आधी आठवला मॅडमच्या खांद्यावर ठेवलेला आपला हात आणि 'वय झालं की कातडी बदलते' हे आपलं वाक्य. किती समजूतदारपणे बोललो होतो आपण! ते आठवून त्यांना तिथेच शरमेने घाम फुटला.

नवऱ्याने थट्टा बंद केली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, बॅटरीने पाहिलं आणि मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त.

"पण मला तर चष्मा सुटला होता," ताई म्हणाल्या. "सुईत दोरा ओवते मी."

"होतं तसं मध्ये. डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, जवळचं काही दिवस छान दिसतं. लोक खूश होतात आणि आमच्याकडे उशिरा येतात. रंग मात्र पिवळट होत जातात. दिव्यांभोवती कडी दिसतात का? प्रत्येक गोष्ट चमकते?"

"मला वाटलं दिवे नवीन आहेत," ताई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. साधं ऑपरेशन आहे, घाबरायचं काही नाही, असं म्हणाले. वाटेत नवरा म्हणाला, "म्हणजे ते गार पाण्याचं श्रेय परत घ्यावं लागणार." ताई हसल्या नाहीत. मग तो म्हणाला, "अगं, होईल डोळा बरा."

"डोळ्याचं नाही हो." ताईंनी त्याला सगळं सांगितलं. मॅडम उद्या काय करणार आहेत तेही.

लिफ्टमन बराच वेळ गप्प चालला. त्याच्या दृष्टीने हा विक्रमच होता. मग म्हणाला, "हे बघ, उद्यापासून बरोबर डबा वापर. डावा डोळा आहेच. चेहरा आपोआप सुधारेल. सगळे म्हणतील दिव्यांचा दोष होता. तुझं नाव कशाला मध्ये?"

विचार वाईट नव्हता. ताईंनी तो पुढच्या कोपऱ्यापर्यंत मनात घोळवला. इतकी वर्षं त्यांच्या "झालं"वर लोक न बघता उठत होते. एकदा 'हिला दिसत नाही' असं झालं की तो शब्द संपला, डोळा बरा होवो की न होवो. पण मॅडम उद्या येताच साहेबांकडे जाणार होत्या. आणि चेहरा सुधारला, त्या राहिल्याही, तरी आपलं वय झालं ही खूणगाठ त्यांच्या मनातून निघणार नव्हती. ती ताईंनीच बांधली होती.

"सांगायलाच हवं," त्या म्हणाल्या.

"मग सांग," नवरा म्हणाला. "आणि ती बटणंही बदल बाई. उद्या लोक मला सलाम करतील."

तिसऱ्या दिवशी ताई लवकर जाऊन कचेरीच्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या. मॅडम आल्या त्या थेट साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवला असेल नसेल तेवढ्यात ताईंनी हाक मारली, "मॅडम, आधी खुर्चीत या."

"अहो ताई, आधी हे एकदाचं होऊन जाऊ दे."

"आधी खुर्चीत. तुमच्या पाया पडते."

असं ताई कधी बोलत नसत. मॅडम आल्या. बसल्या, आणि सवयीने चष्म्याकडे हात नेला.

"चष्मा काढू नका," ताई म्हणाल्या. "आज बघायचंय तुम्ही."

त्यांनी पांढुरका डबा उघडला आणि इतके दिवस लावत होत्या तशी, अगदी तशीच, पावडर मॅडमच्या उजव्या गालावर लावली. अर्ध्या कपाळावर, एका डोळ्याखाली. डावी बाजू तशीच ठेवली. मग बाजूला झाल्या.

"हा तुमचा गाल," त्या डाव्या बाजूला बोट दाखवून म्हणाल्या. "आणि हा मी केलेला."

मॅडम आरशात बघत राहिल्या. डावीकडे त्या स्वतः होत्या, डोळ्याच्या कोपऱ्यात थोड्या रेघा, गालावर दिव्याचा उजेड. उजवीकडे तीच बाई कुणीतरी आजारातून उठवून आणली होती. मॅडमनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"तुमचं काही झालेलं नाही मॅडम. माझे डोळे गेलेत. मोतीबिंदू आहे. मला गाल चमकताना दिसायचे, ते चमकत नव्हते. डबाही चुकीचा घेत होते. मी म्हणाले ना, वय झालं म्हणून? माझं झालं होतं."

मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"चष्मा सुटला तेव्हापासून."

"म्हणजे इतके महिने." मॅडमचा खर्जातला आवाज चिरकला. "ताई, मी घरातला मोठा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. माहितीय? बहिणीच्या घरी जात नाही, ती म्हणते खंगलीस. रात्री झोपताना गालांना काय काय फासते. आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणालात..."

"म्हणाले," ताई म्हणाल्या. "तेच राहून राहून आठवतंय कालपासून."

"दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं!"

ताईंचे डोळे भरून आले आणि दिव्यांची कडी आणखी मोठी झाली. मॅडमनी ओला टिश्यू घेतला आणि गाल खसाखसा पुसला, लाल होईपर्यंत. मग घड्याळाकडे पाहिलं. सकाळची मेकअपवाली कधीच घरी गेली होती. बातम्या काही कुणासाठी थांबत नाहीत.

"राग आलाय मला," मॅडम म्हणाल्या. "खूप आलाय. आत्ता बोलले तर आवाज बसेल. बातम्या झाल्यावर बोलू. तो दुसरा डबा कुठे आहे?"

ताईंनी गव्हाळ डबा पुढे केला, पण पफ हातात घेतला नाही. मॅडमनी तो स्वतःच उचलला. चष्मा लावून नाकाला पावडर लावता येत नाही आणि चष्म्याशिवाय नाक दिसत नाही, हा पेच त्यांना पहिल्यांदाच पडत होता. शेवटी एका हाताने चष्मा कपाळावर उचलायचा, पावडर लावायची, चष्मा खाली सोडून बघायचं, असं सुरू झालं.

"कुठे?" मॅडमनी फणकाऱ्याने विचारलं.

"आधी मनगटावर टेकवा. हां. कपाळाच्या मधोमध. दाबा, घासू नका."

"मग?"

"नाकाच्या दोन्ही बाजू. हनुवटीला नुसता स्पर्श."

"डोळ्यांखाली?"

"अजिबात नाही. आणि गाल सोडा."

मॅडमनी चष्मा लावून स्वतःकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बसून मेकअप झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला पाहिलं असावं. उठल्या, कागद घेतले, दारापर्यंत गेल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "ऑपरेशन कधी आहे?"

"बघते, पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या आठवड्यात करून घ्या." आणि दार लागलं.

साहेबांच्या खोलीवरून जाताना त्या थांबल्या नाहीत, एवढं ताईंना चपलांच्या आवाजावरून कळलं.

कचेरीच्या पुढच्या दाराशी पहारेकऱ्याचं टेबल असतं आणि त्याच्यावर भिंतीला एक टीव्ही टांगलेला असतो. ताई तिथे आल्या. बातम्यांचं संगीत वाजलं, पडदा उजळला, आणि ताईंना मॅडमच्या जागी उजेडाचा एक गोळा दिसला, त्याच्याभोवती कडं. त्यांनी उजवा डोळा झाकला. जरा बरं दिसलं. पण बरं दिसतंय की नुसतं वाटतंय, हे आता सांगणार कोण? लोकांना त्यांचा चेहरा कसा दिसतो हे सांगण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना एका चेहऱ्याबद्दल स्वतःच्या डोळ्यांची खात्री देता येईना. त्यांना फार एकटं वाटलं.

पहारेकरी चहात बिस्कीट बुडवत बातम्या बघत होता.

"अहो," ताईंनी विचारलं, "मॅडम कशा दिसतायत?"

"कशा म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने टीव्हीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. "मॅडमसारख्या दिसतायत की."

"म्हणजे आजारी वगैरे नाही ना वाटत?"

"छे! आज तर थेट माझ्याकडे बघून बोलतायत. तुम्ही पावडर लावायला विसरलात वाटतं आज."

ताईंनी बाजूचं स्टूल ओढलं आणि त्या मटकन बसल्या. पदर की रुमाल, जे हाताला आलं त्याने डोळे पुसले. पहारेकरी घाबरला, आपण काय वावगं बोललो त्याला समजेना. त्याने स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. ताईंनी तो घेतलाही. वर मॅडमचा आवाज चालू होता, खर्जातला, सावकाश, कुठेही न अडखळणारा. ताई ऐकत राहिल्या. बातम्या संपल्या की आत बोलावणं येणार होतं आणि मॅडम सगळं मनातलं बोलणार होत्या. कुणाची बोलणी खायची एवढी घाई ताईंना आयुष्यात कधी झाली नव्हती.